लेकीच्या घरचं पाणी

रेणुकाने शकुबाईच्या पोलक्याचे पुढचे दोन्ही भाग एकाच बाजूचे कापले, आणि कापून झाल्यावरही तिला ते कळलं नाही. कळलं ते मशीनवर जोडायला बसल्यावर. कापड फुलाफुलांचं होतं, एका बाजूने छापलेलं. दुसरा भाग उलटा करून लावला की फुलं आत जात होती. सरळ लावला की गळा खांद्याकडे जात होता. शकुबाईने कापड मोजकंच आणलं होतं, त्यामुळे पुन्हा कापायला काही उरलं नव्हतं.

आदिलाबादकडच्या बोथच्या बाजारपेठेत रेणुकाच्या शिवणाचं नाव होतं. ती मापं लिहून ठेवत नसे. बाईला एकदा टेप लावली की वर्षभराने आलेलं कापडही ती न विचारता कापायची, आणि मधल्या काळात बाई भरली की वाळली हे दारातून आत येताना बघून ठरवायची. गेल्या महिन्यापासून मात्र ती एकदा लावलेली टेप पुन्हा लावत होती. वरणात मीठ टाकलं की नाही हे आठवत नव्हतं. किल्ली कमरेला असताना घरभर शोधत होती. सातवा महिना चालू होता. सुरुवातीला घरात याची गंमत वाटत होती. सासू सोनाबाई ओसरीवर भाजी निवडता निवडता म्हणायची, "पोट वाढते तशी अक्कल घटते बापा. माही बी घटली होती. वापस आलीच नाई."

त्या दिवशी सोनाबाईने मशीनवरचे दोन तुकडे पाहिले, हातात घेतले, एकावर एक ठेवले आणि काही न बोलता परत ठेवून दिले. सोनाबाई गप्प राहणारी बाई नव्हती. रेणुकाला कापड वाया गेल्यापेक्षा त्या गप्प राहण्याची भीती वाटली.

गप्प राहण्याचं कारण तिला दुसऱ्या दिवशी कळलं. घरची भाजीची बाग गावाबाहेर ओढ्याला लागून होती. नवरा उत्तमराव आणि सोनाबाई सकाळीच तिकडे गेले होते. रेणुका दुपारची शिदोरी घेऊन गेली. दोडक्याच्या मांडवाआडून दोघांचं बोलणं ऐकू आलं.

"पह्यलं बाळंतपन माहेरी राह्यते, मले ठाऊक हाय," सोनाबाई म्हणत होती. "पन तिले बेज्जूरले धाडू नको."

"काऊन?"

"तिची माय तिले घेऊन नदीवर गेली होती. बाळंतीन असतानी. बुडवाले."

"कोन म्हनते?"

"बेज्जूरकडचे समदेच म्हनते. लग्नाच्या येळी कोनी सांगतलं नाई, मागून कळलं. मी इतके दिस बोलली नाई. म्हनलं मायीचं मायीपाशी. पन आता हे काय लागलं? दोनी बाजू एकाच हाताच्या कापल्या. आज कपडा हाय, उद्या..."

पुढचं ती बोलली नाही.

रेणुकाने शिदोरी बांधावर ठेवली आणि आली तशी घरी गेली. संध्याकाळी उत्तमरावाने विचारलं, "शिदोरी ठेवून तशीच काऊन आली?"

"भेटाचं इसरली," ती म्हणाली. हल्ली तिच्या विसरण्यावर सगळ्यांचा विश्वास होता.

आपल्या आईबद्दल तिने असलं काही कधी ऐकलं नव्हतं. आई, प्रयागबाई, बेज्जूरकडे प्राणहिता नदीच्या काठच्या गावात राहायची. वडील वारले होते. भाऊ शेती बघायचा. प्रयागबाई कमी बोलणारी, काटक, कुणावर हात न उगारणारी बाई. तिची एकच गोष्ट वेगळी होती. गावात कुणीही बाळंत झाली की ती उठून तिथे जायची आणि दिवसेंदिवस बसायची, मग घर कोणाचंही असो. रेणुका लहानपणी समजायची की आई डिंकाच्या लाडवांसाठी जाते. गावातले लोकही हसून तेच म्हणायचे.

लग्नानंतर प्रयागबाई एकदाच बोथला आली होती. तेव्हा ती अंगणातल्या लिंबाखाली बसली, गाठोड्यातली भाकर खाल्ली आणि घरातलं पाणीसुद्धा न पिता परत गेली. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही रीत सोनाबाईलाही माहीत होती. पण बोथच्या लोकांनी ती कधीच सैल केली होती. निदान चहा तरी सगळे पीत. त्यामुळे आपली विहीण जरा विचित्र आहे असं सोनाबाईने तेव्हाच ठरवलं होतं. पुढे नदीची गोष्ट कानावर आल्यावर तिला दोन्हींचा मेळ लागला.

आता तोच मेळ रेणुका स्वतःशी लावू लागली. तिचं अंग सारखं तापलेलं असायचं. थंडीचे दिवस असून ती न्हाणीजवळच्या ओल्या फरशीवर जाऊन बसायची. जेवून उठलं की थोड्या वेळात पुन्हा भूक लागायची, पाणी भरून आणलं तरी छाती धडधडायची. वाढायचं काम सोनाबाईने स्वतःकडे घेतलं होतं आणि ती दीड भाकरीच्या पुढे जात नसे. "पोर लहान राह्यलं का सुटका सोपी," ती म्हणायची. मांडवाआडून ऐकल्यापासून रेणुकाची झोपही उडाली. पडल्या पडल्या ती गिऱ्हाइकांची मापं आठवून बघायची. शेजारच्या देवकाबाईची छाती, शकुबाईचा दंड. एखादं माप आठवलं नाही की तिला वाटायचं, सुरुवात झाली.

त्याच आठवड्यात ती सरकारी दवाखान्यात गेली. सोबत उत्तमराव आणि सोनाबाई होते. डॉक्टरीण गुंटूरकडची, तिला मराठी येत नव्हतं. रेणुकाचं तेलुगू बाजारापुरतं. म्हणून डॉक्टरीण कधी तेलुगूत, कधी मोडक्या हिंदीत बोलत होती आणि उत्तमराव मध्ये उभा राहून सांगत होता.

डॉक्टरणीने डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि रक्त फार कमी आहे म्हणाली. काय खाते, हे विचारल्यावर उत्तर सोनाबाईने दिलं. डॉक्टरीण तिच्याकडे वळली. "अम्मा, बच्चे को छोटा रखने के लिए माँ को भूखा रखते क्या? पहले माँ गिरेगी."

सोनाबाईने पदर सारखा केला आणि खिडकीबाहेर पाहिलं.

"इसराले होते म्हनते," उत्तमराव म्हणाला. "शिलाईत चुका होऊन राह्यल्या."

डॉक्टरीण हसली. तिने सांगितलं की पोटात मूल असताना तिने स्वतः थर्मामीटर लोणच्याच्या बरणीत ठेवलं होतं आणि दोन कंपाउंडर ते शोधत होते. अशा वेळी बाईचं डोकं दुसऱ्या कामाला लागलेलं असतं. जुन्या कामात चुका होतात. त्यात रक्त कमी, पोट रिकामं. पुढे तिने विचारलं, "निद्र बागा पडतुंदा?"

"झोप नीट लागते का, इचारून राह्यल्या," उत्तमराव म्हणाला.

"लागते," रेणुका म्हणाली.

"मायके में किसी को कुछ तकलीफ? शक्कर, बीपी, दिमाग की कुछ?"

उत्तमराव थोडा थांबला. "माहेरी कोनाले शक्कर, बीपी हाय का?"

हिंदी रेणुकाला चांगलं समजत होतं. गळालेला शब्दही समजला. तिने मान हलवून नाही म्हटलं. सोनाबाई अजून खिडकीबाहेर बघत होती. तिघांनाही एकच गोष्ट माहीत होती आणि तिघांनीही ती डॉक्टरणीपर्यंत जाऊ दिली नाही. लोहाच्या गोळ्या घेऊन ते घरी आले.

दोन दिवसांनी बेज्जूरकडचा मामेभाऊ चंपत कापसाच्या गाडीबरोबर बोथला आला, तेव्हा रेणुकाने त्याला बाजूला घेतलं. "मायले सांग, ये म्हना."

"काई झालं काय?"

"काई झालं नाई. इचाराचं हाय."

"मले सांग ना, मी इचारतो."

"तुले नाई सांगता येत. तू बी माय लाडूसाठी जाते म्हननाऱ्यातला हायेस."

प्रयागबाई आली ती आसिफाबाद, आदिलाबाद अशा बसगाड्या बदलत, दिवसभराचा प्रवास करून. एका हातात गाठोडं, दुसऱ्या हातात तेलाचा धुतलेला प्लास्टिकचा डबा. डब्यात पाणी होतं.

सोनाबाईने तांब्या पुढे केला. "घ्या इहीनबाई, पानी घ्या."

"नको. आनलं हाय."

सोनाबाईने शेजारच्या कुंपणाकडे तोंड केलं. पलीकडे देवकाबाई कपडे वाळत घालत होती. "पायलं का वो देवकाबाई, बेज्जूरचं पानी बसमंदी बसून आलं. आमच्या हिरीत काय किडे पडले?"

"किडे नाई पडले," प्रयागबाई लिंबाखाली टेकत म्हणाली. "लेकीले लेकरू झालं का पेतो. तवापावतर तुमची हीर कुठं पळून जाते?"

देवकाबाई कुंपणापलीकडून हसली, आणि सोनाबाईलाही ओठ आवळून घ्यावे लागले.

डब्यातलं पाणी दुसऱ्या दिवशी संपलं. प्रयागबाई डबा घेऊन रस्त्यावरच्या सरकारी बोरिंगवर गेली. हापसायला उभ्या असलेल्या बायांनी विचारलं, लेकीच्या घरी विहीर असताना इथं कशाला? "हे सरकारचं हाय," ती म्हणाली. "सरकारले मी लेक देल्ली नाई." आठवडी बाजारापर्यंत हे वाक्य सगळ्या बोथमध्ये पसरलं. जेवण-झोपण तिने देवकाबाईकडे ठरवून घेतलं आणि बदल्यात तिचं जात्यावरचं काम घेतलं. सोनाबाईने दोनदा विचारलं, "कवा जाता मंग?" दोनदा तिला उत्तर मिळालं, "पाहू."

रेणुकाने विचारायला धीर केला तो तिसऱ्या दुपारी. उत्तमराव बाजारात होता. प्रयागबाई मशीनजवळ खाली बसली होती. तिने शकुबाईच्या कापडाचे ते दोन तुकडे उचलले.

"हे कोनं कापलं?"

"मीच."

प्रयागबाईने ते एकमेकांवर ठेवले आणि हसली. "तुह्या येळी मी मीठ म्हनून वरनात राख टाकली होती. तुह्या बापानं खाल्लं बी. भेवानं बोलला नाई."

"माय, तू मले घेऊन नदीवर गेली होती का?"

प्रयागबाईचा हात कापडावरच राहिला. दारात सोनाबाई निवडलेल्या शेंगांचं सूप घेऊन आली होती. ती तिथेच थांबली. प्रयागबाईने तिला पाहिलं, रेणुकाकडे पाहिलं, आणि आवाज कमी न करता म्हणाली, "गेली होती."

"बुडवाले?" हे सोनाबाईने विचारलं.

"मले ठाऊक नाई, बाई. खरं सांगतो. कोनी बुडवाले म्हनते, मी नाई म्हनलं तर कोन आयकते? अन मले बी कुठं माईत हाय? पाय पान्यात होते, लेकरू मांडीवर होतं. वाटे, इथं मले कोनी आवाज देनार नाई. तेवढंच याद हाय. भोयाची एक बाई आली, माह्या बाजूले बसली. कायी बोलली नाई. मंग लेकरू घेतलं अन म्हने, चाल."

"पन तसं झालं काऊन?" रेणुकाने विचारलं.

प्रयागबाई थोडा वेळ शोधत राहिली, जसं कुणी बऱ्याच वर्षांपूर्वी ठेवलेलं भांडं शोधतं.

"इटाळ म्हनून मले मागच्या खोलीत ठेवलं होतं. दार लावून. भाकर दारातून सरकवत. रात अन दिस सारखाच. पह्यले झोप गेली. लेकरू निजलं तरी मी जागी. झोप गेली मंग भूक गेली. मंग वाटे, हे लेकरू मायं नाईच, कोनं बदलून ठेवलं. हे कोनाले सांगू? सांगतलं तर म्हनतीन, लागिर झालं. म्हनून नाई सांगतलं."

सोनाबाई उंबऱ्यावर बसली. सूप तिने मांडीवर ठेवलं. "मंग बऱ्या कशा झाल्या?"

"माह्या सासूनं इटाळ मोडला. नदीवरून आनलं त्याच दिशी आत आली, माह्याजवळ निजली. गाव म्हने भगत बोलवा. सासू म्हने, भगत मंग पाहू, पह्यले हिले झोपू द्या. लेकरू पाजाले देये, पाजलं का काढून घेये. म्हने, नीज, मी हाय. एका दिशी नाई झालं बरं. होळीले मी हासली म्हनते. मले आठवत नाई."

"अन दादाच्या येळी?" रेणुकाने विचारलं. भाऊ तिच्याहून लहान होता, पण माहेरी सगळे त्याला दादाच म्हणत.

"त्याच्या येळी बी आलं. पन झोप गेली तशी मी सासूले सांगतलं. म्हनून नदीपावतर गेलं नाई." तिने कापडाचे तुकडे नीट घडी घातले. "इसरनं, उलटं कापनं, त्याचं काई नाई. ते समद्याईले होते. झोप पाहात जा. लेकरू निजलं अन माय जागी राह्यली, का तवा बोलाचं. म्हनून मी जचकीच्या, बाळंतिनीच्या घरी जाऊन बसतो. झोपली का नाई ते पाहाले. लोकं म्हनते लाडूसाठी येते."

"लाडू तं खातच असशील," रेणुका म्हणाली. ती हसत होती.

"देल्ले तर नाई कायले म्हनू?"

सोनाबाई सुपातल्या शेंगा उगाच इकडून तिकडे करत होती. मग कुणी विचारलं नसताना बोलायला लागली. "माही इठा होती. थोरली लेक. पोर मोठं होतं पोटात. अडलं. आदिलाबादले नेतो म्हनून गाडी जुंपली, पन..." तिने हाताने रस्त्याकडे खूण केली. "मंग मी काय करू? हिले बी तसंच होऊ देऊ?"

विठाबाईचं नाव त्या घरात रेणुकाने पहिल्यांदाच ऐकलं. दीड भाकरीचा हिशेब तिला तेव्हा कळला.

"नका होऊ देऊ," प्रयागबाई म्हणाली. "तवा बैलगाडी होती. आता बस हाय, जीप हाय. दिस भरत आले का आदिलाबादलेच नेऊन ठेवू. बेज्जूरले मी बी नाई नेत, तिथं दवाखाना लांब हाय. पन पोटाले खाऊ द्या, बाई. उपाशी मानसाले झोप येत नाई."

सोनाबाई उठली आणि आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात ताट होतं: भाकरी, वांग्याची भाजी, वर तेल सोडलेली चटणी. ताट तिने रेणुकापुढे ठेवलं आणि प्रयागबाईला म्हणाली, "तुमाले इचारत नाई. तुमी सरकारच्या."

त्या दिवशी एक गोष्ट ठरली. रेणुकाने फक्त "झोप गेली" एवढं म्हणायचं. ऐकणाऱ्याने का, कशी असं काही विचारायचं नाही. लेकरू घ्यायचं आणि तिला निजू द्यायचं. उत्तमरावाला रेणुकाने स्वतः सांगितलं, मांडवाआडून ऐकलेल्या गोष्टीसकट. तो मान खाली घालून म्हणाला, "त्या दिशी डॉक्टरनीपुढं मी तो शब्द खाल्ला."

"मले ठाऊक हाय. मी बी नाई म्हनलं."

पुढच्या वेळी दवाखान्यात तिने त्याला मध्ये बोलू दिलं नाही. डॉक्टरणीने विचारण्याआधीच झोप येत नाही हे ती बाजारच्या तेलुगूत म्हणाली, "निद्र रादु, अम्मा." मग हिंदीत आईची सगळी गोष्ट सांगितली, नदीसकट. डॉक्टरणीने पेन खाली ठेवून ऐकलं. हा आजार आहे, म्हणाली, आईला होता म्हणून लेकीला होईलच असं नाही, पण होऊ शकतो. लक्ष ठेवणारे असतील तर वेळेत आवरतो. झोप गेली की वाट बघू नका, मला निरोप द्या. सोनाबाईने तिला विचारलं, निरोप कोणत्या वेळी द्यायचा, सकाळी की संध्याकाळी? "कभी भी," डॉक्टरीण म्हणाली.

भाकरी वाढली तशी रेणुकाची छाती धडधडायची कमी झाली. अंगातली आग काही कमी झाली नाही, आणि विसरणंही नाही. तिने खडूने भिंतीवर मापं लिहायला सुरुवात केली. शकुबाईने आपलं माप भिंतीवर वाचून म्हटलं, "समद्या गावाले दाखवतं का वो माही जाडी?" तिला उत्तमरावाने आदिलाबादहून तशाच फुलांचं कापड आणून दिलं होतं, म्हणून ती फार चिडली नाही.

मुलगी आदिलाबादच्या दवाखान्यात झाली, अडचण न येता. वजन चांगलं होतं. सोनाबाईने ते नर्सला दोनदा विचारून घेतलं. मग बाहेर व्हरांड्यात जाऊन बसली आणि पदरात तोंड घालून रडली. विठाबाईसाठी ती याआधी कधी रडली होती की नाही, हे उत्तमरावालाही माहीत नव्हतं.

घरी आल्यावर पहिले दिवस बरे गेले. मग एका सकाळी रेणुकाच्या लक्षात आलं की मुलगी निजली होती आणि आपण छताकडे बघत पडलो होतो, आणि आदल्या दिवशीही तसंच पडलो होतो. बाहेरचे आवाज फार मोठे येत होते. मुलीकडे पाहिलं तर एखाद्या शेजारणीचं मूल सांभाळायला ठेवल्यासारखं वाटत होतं.

तिने लगेच सांगितलं नाही. सांगायचं ठरलेलं होतं, शब्दही ठरलेले होते, पण वेळ आल्यावर तेच दोन शब्द तोंडातून निघेनात. सांगितलं तर लेकरू घेतील आणि परत देणार नाहीत, असं तिला वाटू लागलं. ठरवताना तिघी एकाच खोलीत होत्या हे तिला आठवत होतं. तरी वाटत होतं.

प्रयागबाई बोरिंगवर गेली होती. खोलीत सोनाबाई आली, शेगडीवर ओवा टाकायला. रेणुका भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आत्याबाई, झोप गेली."

"कवापासू..." सोनाबाईने विचारायला सुरुवात केली आणि मध्येच तोंड मिटलं. तिने मुलीला उचलून खांद्याशी घेतलं. मग रेणुकाच्या पायाशी बसली, लेकरासकट, तिला दिसेल अशी. "मी कुठं जात नाई. पोरगी इथंच हाय. तू डोळे मीट."

रेणुकाने डोळे मिटले. झोप आली नाही. पण ती एकटी जागी नव्हती.

उत्तमराव भाजीची पाटी तशीच सोडून दवाखान्यात गेला. डॉक्टरीण संध्याकाळी घरी आली. तिने गोळ्या दिल्या, दोन्ही आज्यांना पाळ्या लावून दिल्या, आणि रेणुकाला म्हणाली, तुम्ही सांगितलंत, तिथेच अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं लगेच झालं नाही. काही दिवस रेणुका बोलायची नाही. एकदा ती म्हणाली, "आत्याबाई, हे मायं लेकरू नाई."

"तुहंच हाय," सोनाबाई म्हणाली. "नाक पाह्य. असं बटाट्यासारखं नाक आमच्या उत्तमशिवाय कोनाचं हाय? बदलनाऱ्यानं जरा बरं नाक नसतं आनलं?"

रेणुकाने मुलीच्या नाकाकडे बराच वेळ पाहिलं. हसली नाही, पण पाहत राहिली.

प्रयागबाई अजून डबा घेऊन बोरिंगवर जातच होती. एक दिवस सोनाबाईने तिला अडवलं. "लेकरू झालं. रीत झाली. आता तरी पानी घ्या."

"लेकरू झालं," प्रयागबाई म्हणाली. "लेक अजून यायची हाय."

सोनाबाईने पुन्हा म्हटलं नाही. मात्र त्या दिवसापासून बोरिंगवरून येताना डबा अर्ध्या वाटेवर तिच्या हातातून ती घेऊ लागली.

ती दुपार आली तेव्हा तिच्यात वेगळं असं काही नव्हतं. जेवणं झाली होती. प्रयागबाई शकुबाईच्या त्या वाया गेलेल्या तुकड्यांचं दुपटं शिवत होती, हाताने. सोनाबाई मुलीला पायावर घेऊन तेल लावत होती. रेणुका बाजेवर पडली होती. बोलता बोलता तिचं बोलणं थांबलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि हात थांबवले. मुलगी रडली, सोनाबाई तिला घेऊन लिंबाखाली गेली. देवकाबाई कुंपणावरून काही सांगायला लागली, तिला प्रयागबाईने हाताने गप्प केलं. बाजेवर श्वास एकसारखा चालला होता, तोंड किंचित उघडं, लहानपणी असायचं तसं. बागेतून उत्तमराव आला, बघून पायताण हातात घेऊन परत बाहेर गेला.

ऊन कुंपणाच्या खाली उतरल्यावर रेणुका जागी झाली. थोडा वेळ कुठे आहोत ते आठवत पडून राहिली. मग म्हणाली, "पोरगी भुकेली असंल. द्या इकडं." आणि मुलगी छातीशी घेतल्यावर, "मले बी काई द्या. पोटात आग पडली."

सोनाबाई आत गेली. भाकरी घेऊन आली, आणि दुसऱ्या हातात विहिरीच्या पाण्याचा तांब्या. भाकरी तिने रेणुकाला दिली. तांब्या प्रयागबाईसमोर ठेवला आणि उभी राहिली.

प्रयागबाईने सुई दुपट्यात खोचली. तांब्या उचलला, वरून ओतून प्यायली, सगळा संपवला.

"खारं हाय जरासं," ती म्हणाली.

"बोरिंगचं प्यायची सवय लागली तुमाले," सोनाबाई म्हणाली आणि तांब्या पुन्हा भरायला घेऊन गेली.